अकरा वाजून दहा मिनिटं

प्रश्नावलीत मला वीसपैकी एकोणीस होते.
'हे म्हातारपणाचं नेहमीचंच' : चूक. ओळखलं.
'या रुग्णांसोबत मला अवघडायला होतं' : असहमत.
त्या खुणेला गुण नव्हते,
तरी मी ती ठसठशीत केली.

मग वालपाराइसोच्या टेकडीवर, तिसऱ्या वॉर्डात
दोन्या एदुविहिससमोर कोरा कागद ठेवला.
'घड्याळ काढा. अकरा वाजून दहा मिनिटं.'
तिनं वर्तुळ काढलं. शेजारी अजून एक. अजून एक.
ओळीनं भोकंच भोकं, कागदाच्या कडेपर्यंत.
मी लिहिलं, शून्य.

'कुठला नंबर हवाय?'
मी मायतेकडे पाहिलं. मायते खिडकीबाहेर,
जिथं बंदरातली क्रेन कंटेनर उचलून
कुठं ठेवायचा ते विसरल्यासारखी उभी होती.

'लवकर सांगा, लाइन अडलीय.'

एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये,
हे फाइलीत होतं, पान चारवर.
मी दोनपर्यंतच वाचली होती.

तोंडाला आला तो नंबर दिला :
आमच्या जुन्या घराचा,
जिथं आता टायरचं दुकान आहे.
तिनं बोटानं भोकं मोजली, पुटपुटत,
आणि पेन्सिल नेमक्या एकात खुपसली.
कागद फाटला.
'जोडलंय. बोला.'

मग मान वळवून बसली भिंतीकडे,
परक्याचं बोलणं कानावर पडू नये
अशा बेतानं.

माझ्या हातात पेन होतं.
ते कानाशी नेऊन मी म्हणालो,
हॅलो?