थोरली, धाकटी

मार्च संपत आला तरी खाडीत बर्फाचे तुकडे
एकमेकांवर दात खात होते.
होडी ओंडक्यांवर चढवलेली,
मी तिच्या पोटात, गुडघ्यांवर,
पाना दातांत धरलेला.

न्यूफाउंडलंडच्या या धक्क्यावर सगळ्यांना ठाऊक आहे
गेल्या सप्टेंबरची गोष्ट:
सेल्बी ग्रँडीने रात्रभर रेडिओ लावून ठेवला,
स्विच ‘दोन्ही’वर,
पहाटे धुक्यात किल्ली फिरवली
तर इंजिन नुसतं खाकरलं.
अँब्रोजने ओढत आणलं.
मासे तीन पेट्या, हसू महिनाभर.

म्हणून हा चार्जर, दोन तोंडांचा.
दोन तांबड्या तारा, दोन काळ्या,
आणि बाबा शिडीवर, कानातलं यंत्र शिट्टी मारतंय,
“थोरलीला आधी.”
थोरली म्हणजे इंजिन उठवणारी.
धाकटीवर दिवे, रेडिओ, पंप,
मासे दाखवणारा पडदा.

दोघींना पाणी घातलं, शुद्ध केलेलं.
तांबडीवर तांबडी, मधे वीतभरावर फ्यूज,
टोकांना व्हॅसलिन.
बाबांना पटत नाही:
खोका एक, मग धारा वेगळ्या कशा?
मी सांगते, ही तार फक्त हिलाच विचारते
तुला किती हवं.
हिचं भरलं की हिच्यापुरती थांबते.
दुसरीच्या ताटात हात नाही.

ते बराच वेळ गप्प.
मग, “थर्झाचा फोन?”

थर्झा अल्बर्टात, तेलाच्या खाणीवर, अकरा वर्षं.
तिच्या पगारातून या होडीचं डिझेल,
जाळी, दोनदा इंजिन,
एकदा माझे दात.
लग्न कधी करणार, असं आम्ही तिला
विचारायचं सोडून दिलं त्यालाही आता
किती वर्षं झाली, मोजलं नाही.

“चार्जर माझ्या पैशांचा आहे,” मी म्हणाले,
“खेकड्यांच्या कारखान्यातले.”
ऐकू आलं की नाही कोण जाणे.
शिडी करकरली फक्त.

शेडमधून वायर ओढली, झाकण उघडं ठेवलं,
वायू साचू नये म्हणून.
बटण दाबलं. दोन्ही दिवे तांबडे.
जेवण होईस्तोवर थोरलीचा हिरवा झाला.

रात्री दोनला टॉर्च घेऊन गेले
तर बाबा उलट्या बादलीवर, कांबळ्यात,
धाकटीच्या दिव्याकडे पाहत.
“अजून आहे,” म्हणाले,
ताप बघावा तसे,
आणि सरकून मला जागा करून दिली.
बादलीवर कुठली आलीय जागा.