पिसं झडायचा महिना

समुद्राहून खोल असलेल्या आमच्या फ्रीसलँडात
जूनमध्ये हंस उडत नाहीत.
जुनी पिसं गळतात, नवी यायला महिना लागतो,
तोवर ते कालव्याच्या कडेला राहतात
पिल्लांना मधे घेऊन.
आम्हाला हे ठाऊक आहे. सरकारलाही.

गाडी आली तेव्हा मी गाई सोडत होते.
पांढरी गाडी, बाजूला काही लिहिलेलं नाही.
चार माणसं उतरली. सभ्य होती, फाटक आठवणीने लावून घेतलं.
जाळी बांधली कालव्यापासून व्हीब्रेनच्या बांधापर्यंत,
पुढे पुढे निमुळती,
मग दोघं होडीत बसून टाळ्या वाजवत निघाले.
फक्त टाळ्या.

हंस चालत आले.
तेच डोळ्यांसमोरून हलत नाही: चालत आले,
पंगतीला बोलावल्यासारखे, मोठे पुढे, पिवळट पिल्लं मागे,
आणि पेटीत शिरले.
झाकण. नळी. घड्याळात दोन मिनिटं.
तीनशे बारा, असं एकाने वहीत लिहिलं
आणि माझ्याकडे प्यायला पाणी मागितलं. मी दिलं.

उगाच कढ काढायला मी काही हंसांची मावशी नव्हे.
सात हंस म्हणजे एका गाईचं तोंड,
हिल्के होता तेव्हा म्हणायचा, आणि मार्चमध्ये
कुरणावर सातशे उतरायचे.
कुठल्याशा देशात म्हणे हंस दुधातून पाणी वेगळं काढतो.
इथल्याला तेवढा धीर नाही,
गवताचं दूध व्हायच्या आतच तो उरकून टाकतो.
कमी व्हायला हवेत. हो. माझंही तेच म्हणणं.

पण गेर्लोफमामा नोव्हेंबरात पहाटे चारला
चरात आडवा होतो, पोटाखाली पोतं, कुत्रं कुशीला.
समोर लाकडी हंस, फ्राउक्यमामीने रंगवलेले,
एकाची मान तिने जरा जास्तच लांब काढलीय.
मामा शीळ घालतो. वरचे ऐकतात.
उतरायचं की नाही, त्यांचं त्यांनी ठरवायचं.
चाळीस पावलांच्या आत आला तर मामाचा,
पलीकडचा देवाचा.
आणि जो सुटतो तो गप्प बसत नाही,
पुढचे पंधरा दिवस अख्खा थवा आमचं शेत टाळून जातो.

हे आकड्यांत बसत नाही, मारेन सभेत म्हणाला.
पडद्यावर त्याने रेघ दाखवली, गॅसची, सरळ उतरणारी.
बंदुकीची रेघ म्हाताऱ्याच्या सहीसारखी.
मामा उभा राहिला, टोपी हातात.
"ज्याला पंख आहेत त्यालाच मारावं," एवढंच म्हणाला
आणि खाली बसला. कोणीतरी खुर्च्या सरकवायला लागलं.

मला बोलायचं होतं, बोलले नाही,
कारण डिसेंबरातला तो आठवला
कुंपणाखालचा, एक पंख मोडका, तीन दिवस तरी तसाच असेल,
माझ्याकडे बघून फिस्कारला.
त्याची मान मी पिरगळली. मामाला सांगितलं नाही.
चाळीस पावलंही कधी कधी चुकतात.

तरी रविवारी हंस ताटात येतो,
सोबत सफरचंद, कांदा, वर करपलेली कातडी,
आणि कुणाच्या तरी दाताखाली छर्रा येतो.
धाकटी यित्स्के तो बशीच्या काठावर ठेवते. टिक्.
सगळे क्षणभर थांबतात.
जूनचे तीनशे बारा
कुणाच्याच दाताखाली आले नाहीत.

यंदा मामाचा हात कापतो.
परवान्याच्या परीक्षेचं पुस्तक माझ्या फ्रिजवर पडलंय,
अर्धं वाचून झालंय.
लाकडी हंस परवा धुऊन काढले.
लांब मानेच्याचा रंग पार उडालाय,
मामी आता नाही, मीच देतेय.
पहाटे चारला जाग येते का, बघू.