हजारात एक

घड्याळ लावायचं काम माझं.
सत्तर मिनिटं, चाळीस प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय,
आणि तीन चुकले की ते मिळून
बरोबर आलेला एक गिळायचे.
माहलका तळघरात बसायची, डोक्याला ओलं फडकं बांधून.
मेहरीझच्या उन्हाळ्यात दुपारी
गच्चीवर मांजरसुद्धा टिकत नाही.
मी "हं" म्हटलं की पेन्सिल सुटायची
आणि मला शिंकायचीही बंदी.

याच सुमाराला बाबा यायचे,
पांढऱ्या कपड्यांवरचा वाळला चिखल झटकत.
कारेझ खणणारे पांढरंच घालतात.
जमिनीखाली अंधारात एकमेकांना दिसावं म्हणून,
असं ते सांगत.
आईकडे दुसरं कारण होतं:
छत बसलंच, तर
वेगळं कापड फाडायला नको.

पायरीवर बसून ते बूट काढत,
शेजारी ओळंबा, दोरी, कार्बाइडचा दिवा,
आणि विचारत, आज काय आलंय?
घड्याळ चालू असायचं, तरी ती वाचून दाखवायची.
"उतारावरून ठोकळा घसरतो आहे.
घर्षण नाही असं मानून..."
"मानून?" बाबा म्हणाले.
"कुणी मानलं?"

मग त्यांचं सुरू.
पाण्याला घाई करू द्यायची नाही.
हजार पावलांत एक पाऊल खाली, बस.
जास्त दिलंस तर ते भिंती खातं.
कमी दिलंस तर बसून राहतं,
बसल्या जागी म्हातारं होतं.
"बाबा, पर्याय चारच आहेत."
"मग ज्यात पाणी म्हातारं होत नाही, तो."
ती हसली. त्या हसण्यात दोन मिनिटं गेली,
ती मी मोजली नाहीत.
एवढी एकच लबाडी केली मी त्या वर्षात.

मोटरसायकल विकली ती दिवाळखोरीने नव्हे,
पुस्तकांनी. यज़्दच्या क्लासचे चार हप्ते
आणि कोपऱ्याएवढी जाड प्रश्नसंचांची थप्पी.
क्लासच्या दारावर मागल्या वर्षीच्या मुलांचे फोटो,
प्रत्येकाच्या छातीवर एक आकडा.
माहलका तिथून खाली मान घालून जायची,
ओळखीच्या कुणाचे पैसे देणं असावं तशी.
हिवाळ्यात एकदा म्हणाली,
स्वप्नातसुद्धा मी गोल रंगवते रे,
आणि गोल भरतच नाही.

मन जाग्यावर नसेल त्या दिवशी
विहिरीत उतरायचं नाही,
हा बाबांच्या धंद्याचा नियम.
परीक्षेच्या दिवशी ते उतरले नाहीत.
पहाटे आईने दारात कुराण उंच धरलं,
माहलका त्याखालून वाकून गेली,
पेन्सिली, खोडरबर, तीन खजूर.
टॅक्सी सुटली तशी आईने मागे वाटीभर पाणी ओतलं,
गेलेलं माणूस पाण्यासारखं सुखरूप परतावं म्हणून.
आम्ही सगळे रस्त्याकडे बघत होतो.
बाबा खाली बघत होते:
पाणी धुळीतून कडेकडेनं निघालं,
थबकलं, पुन्हा निघालं.
"बरा उतार आहे," म्हणाले,
आणि दिवसभर दुसरं काही बोलले नाहीत.

निकाल मोबाइलवर आला, रात्री, वीज गेलेली असताना.
तिने आकडा असा सांगितला
जशी एखादी विहीर किती खोल लागली ते सांगावं.
साडेसात हजार.
आई रडली, म्हणजे काय ते मला कळेना.
तेहरानला मिळेल का, कुठल्या शाखेला,
मावशीचा मुलगा डॉक्टरकीला लागला,
सगळं एकदमच खोलीत शिरलं.

बाबांनी विचारलं, बसले किती?
"दीड लाख."
ते बोटांवर नाही, दोरीवर मोजतात.
गाठी सरकवत राहिले.
"म्हणजे विसात एक," म्हणाले.

दिव्याची वात थोडी वर केली,
तिच्या तोंडाकडे पाहिलं.
"फार उतार आहे, पोरी.
भिंती जप."