अंगठा उमटत नाही

एकतीस वर्षं नाशिकरोडच्या प्रेसमध्ये
मी मुद्रांकाचा कागद मोजला.
आत जाताना झडती, बाहेर पडताना झडती,
मधल्या वेळात दुसऱ्यांच्या घरांचे, शेतांचे, वाटण्यांचे
कोरे कागद.

आता पाथर्डी फाट्याला, तिसऱ्या मजल्यावर,
माझ्या नावाचे चारशे दहा चौरस फूट.
फंडातले आठ लाख, बाकी बँकेचे, जावई सहकर्जदार.
हप्ता चौदा हजार दोनशे.
भाडं, एजंट कोठुळेच्या मते, साडेआठ. फार तर नऊ.
वरचे पाच कुठून, असं प्रमिलाने विचारलं
तेव्हा मी जावयाचा शब्द वापरला: गुंतवणूक.
ती म्हणाली, ते कळलं. गुंतलं कोण?

कोठुळेने पहिल्याच फोनवर विचारलं,
काका, चालतील कोण? म्हणजे, नको कोण?
मला देवळाली गावातला एक जिना आठवला, साल एकोणनव्वद.
त्या माणसाने चहा पाजला,
बशी पुसत माझं आडनाव दोनदा विचारलं,
आणि खोली नेमकी सकाळीच गेलेली निघाली.
मी कोठुळेला म्हणालो, भाडं वेळेवर देणारे कोणीही.
छान वाटलं.
दिवसभर छान वाटत राहिलं.
संध्याकाळी डिपॉझिट तीस हजार सांगितलं.
पंधरात भागलं असतं.

नंदुरबारकडची हर्षाली वळवी आली,
अंबडच्या कारखान्यात क्वालिटीला,
सोबत पोलीसभरतीची तयारी करणारा भाऊ.
तिने आधी नळ सोडून पाहिला,
मग खिडकी उघडून पांडवलेणीचा डोंगर,
मग म्हणाली, बाथरूमच्या कोपऱ्यात ओल आहे, काका.
मी म्हणालो, ती पहिल्यापासूनच आहे.
हे वाक्य माझ्या तोंडात कुणाचं होतं
ते मला नीट माहीत आहे.

करार ऑनलाइन. अकरा महिने.
कलम सात: भिंतीला खिळे ठोकू नयेत.
ते मी लिहिलं नव्हतं, छापूनच आलं होतं.
खोडलंही नाही.
मुद्रांकाचा कागद तर कुठेच नाही आता.
समोरच्या पोराने काळं, काडेपेटीएवढं यंत्र सरकवलं,
अंगठा ठेवा काका.
ठेवला. उमटेना.
शर्टाला पुसून ठेवला. उमटेना.
कागद मोजून मोजून रेषा गेल्यात रे, मी म्हणालो.
तो म्हणाला, दुसरं बोट बघू.
हर्षालीचा अंगठा एका दमात लागला.
मी शेवटी डाव्या करंगळीवर
मालक झालो.

हल्ली रात्री जेवण झालं की स्कूटर काढतो.
प्रमिलाला सांगतो, दूध आणतो.
फाट्यावरून आत वळून, रस्त्यापलीकडे थांबून
मजले मोजतो. एक, दोन, तीन.
दिवा लागलेला असतो.
वीजबिल तिचं, तरी वाटतं
मीच लावून आलोय.

परवा पडदा नव्हता. भिंतीवर कॅलेंडर दिसलं.
कॅलेंडर म्हणजे खिळा.
जेलरोडचा आमचा मालक दर महिन्याला भाड्यासोबत
खिळे मोजून जायचा.
लग्नातला फोटो प्रमिलाने तेवीस वर्षं
ट्रंकेवर उभा केला, भिंतीला टेकवून,
आणि घर झाडताना रोज एकदा पालथा.

किती वेळ उभा होतो कोण जाणे.
भाऊ पळायला खाली उतरला, मला ओळखून थबकला.
काही काम होतं का काका?
ओल बघायला आलो होतो, मी म्हणालो.
रात्री साडेदहा वाजता.
तो काही बोलला नाही. बूटाची नाडी बांधू लागला.
रविवारी प्लंबर पाठवतो, मी त्याच्या पाठीला सांगितलं.

प्लंबर तीन हजार दोनशे म्हणतोय.
वहीत उजव्या बाजूला लिहिलेत.
दूध
त्या रात्रीही राहिलंच.