पान शहाण्णव

हिशेब एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात येतो.
पूर्वी निजसुरे स्वतः यायचे, लूनावरून,
नारायण पेठेतून कर्वेनगरपर्यंत.
पाकिटात चेक,
आणि चेकपेक्षा मोठी तक्रार: कागद महागला.

आता मेल येते.
छापील प्रती गेल्या चौदा, परत आल्या तीन.
ई-आवृत्ती सव्वीस.
वर्गणीदारांनी वाचलेली पानं
तीन हजार आठशे बारा,
पानामागे सहा पैसे.
एकूण सातशे सत्तावन्न रुपये बावीस पैसे.
हे बावीस पैसे
मी शेवटचे कधी हातात धरले होते?

भांडायला गेले.
जिना तोच, आप्पा बळवंत चौकाचा गोंगाट तोच,
गठ्ठ्यांच्या जागी मात्र रिकामी फडताळं.
म्हटलं, कागद नाही, शाई नाही,
गोदामाचं भाडं नाही, वाळवी नाही,
मग पैसे जातात कुठे?

त्यांनी एक जुनं वेष्टण उलटं केलं,
पेन्सिलीनं नव्व्याण्णव लिहिले.
साठ कंपनीचे. आधी. न विचारता.
राहिले एकोणचाळीस, त्यातला पाव तुमचा.
बाकीच्यात जुनी खिळ्यांची पानं पुन्हा टाइप करणारी मुलगी,
मुद्रितं, आणि ही डोक्यावरची ट्यूब.
मग स्वतःच्या हिशेबाचा कागद
माझ्याकडे सरकवला.
मी तो आकडा वाचला
आणि बराच वेळ चष्मा पुसत बसले.

आमचा करार एक्क्याण्णवचा, स्टॅम्पपेपरवर.
पुस्तक म्हणजे काय
हे त्यात लिहायची
दोघांनाही गरज वाटली नव्हती.

निघताना म्हणाले, आणखी एक अहवाल असतो.
बघू नका म्हणणार होतो.

एकतीस जणांनी उघडलं.
नऊ जणांनी संपवलं.
सतरा जण थांबले, सगळे एकाच ठिकाणी,
पान शहाण्णव.

बार्शीच्या एका बाईंचं पोस्टकार्ड आलं होतं एकदा:
तुमची द्वारका चुकली, पण मी तिच्या बाजूनं आहे.
त्या कुठल्या पानावर पेंगल्या
हे मला कधी कळलं नाही.
किती बरं होतं.

घरी येऊन कपाटातली प्रत काढली.
शहाण्णववर द्वारका
दस्तगीरच्या बाइंडिंगखान्यात फॉर्म दुमडते आहे.
तीन घड्या, सोळा पानं.
हाडाची पट्टी, खळीचा वास, पुन्हा तीन घड्या.
दीड पान नुसतं तेच.
शुक्रवार पेठेत आठवडाभर बसून
मी ते शिकले होते, बोटं कापून घेऊन.
निजसुरे तेव्हाच म्हणाले होते, बाई, इथे गोष्ट थांबते.
अकरा दिवस भांडले मी त्या दीड पानासाठी.
शेवटी म्हणाले, पान तुमचं, पाप तुमचं. छापलं.

आता ज्या पुस्तकाला शिवणच नाही
त्यात शिवणीपाशी येऊन लोक उठून जातात.
सतरा वाचक, उरलेली एकशे चौतीस पानं,
सहा पैसे दरानं:
एकशे छत्तीस रुपये अडुसष्ट पैसे.
हो, मी गुणाकार केला.

रात्री त्यांना फोन लावला.
थोडा वेळ काहीच बोलले नाहीत.
मग म्हणाले, काढायचं का?
फाइलच आहे, दोन मिनिटांचं काम.
छापील प्रतीत राहील तसंच.
आवाजात जिंकल्याचा मागमूस नव्हता,
तो असता तर बरं झालं असतं,
मला नाही म्हणता आलं असतं.

दस्तगीरच्या गाळ्यात आता मोबाइलची कव्हरं मिळतात.
नऊ जण मात्र ते पान ओलांडून गेले.
अहवालात त्यांची नावं नाहीत.

उद्या सांगते, म्हटलं.
हे परवाचं.