अडीच फेरे

बस ज्या पाटीपाशी थांबली
ते नाव माझ्या कागदावर नव्हतं.
ड्रायव्हर म्हणाला, हेच ते.
गावाला नावं तीन:
एक रुमानियन, एक जर्मन, एक हंगेरियन.
तिन्ही नावांनी हाक मारली
तरी ओ देणारी माणसं मोजकीच.
एक बदकीण सहा पिल्लांसह रस्ता ओलांडत होती,
तिचं होईस्तोवर बसही थांबून राहिली.

किल्ली रेगीना शूस्टरकडे असते.
घर एकशे चार, हिरवं फाटक,
फाटकावर अठराशे बासष्ट आणि कुणाची तरी आद्याक्षरं.
नवऱ्याच्या पणजोबाची, ती म्हणाली.
मग म्हणाली, नाही, त्याच्या भावाची. जो परत आला नाही.
किल्ली वीतभर लांब,
खिशात मावेना, पिशवीत राहीना.
कुलूप लावताना किती फिरवायची
ते तिनं बोटांवर सांगितलं:
दोन ताठ,
तिसरं अर्ध्यात मोडलेलं.

टेकाडावर चर्च, चर्चभोवती तट,
तटाच्या एका बुरुजात
तोफांच्या जागी आकडे.
इथे डुकराचं खारवलेलं मांस टांगायचे.
घरागणिक एक आकडा,
तुळईवर तापल्या सळईनं डागलेला क्रमांक.
रविवारी प्रार्थनेनंतर ज्यानं त्यानं आपलं कापून न्यायचं
आणि कापल्या जागी शिक्का मारायचा,
म्हणजे आठवडाभरात
कुणाची सुरी भलत्याच्या मांसावर फिरली तर कळेल.
विश्वास होता म्हणून शिक्का होता
की नव्हता म्हणून,
हे तिथे उभं राहूनही कळत नाही.
वास अजून आहे. धूर, मीठ, जुनी चरबी.
माणसं एका उन्हाळ्यात ट्रक भरभरून जर्मनीला गेली,
वास कुणाच्या सामानात बसला नाही.

एकशे चारच्या आकड्याला अक्रोडांची पिशवी.
सत्तावीसला ताजा तुकडा,
निळ्या नायलॉनच्या दोरीनं बांधलेला.
हा फ्लोआरियाचा, टोपल्या विणणाऱ्या रोमा घरातली.
तिच्या माणसांची वस्ती ओढ्यापलीकडे,
कित्येक पिढ्या या दारातून कुणी आत आलं नव्हतं.
रेगीनानं तिला आकडा दिला.
कागदबिगद काही नाही. नुसतं बोट दाखवलं.

फ्लोआरियाचा रेमुस, अकरा वर्षांचा, मला डोंगर दाखवायला निघाला.
किल्ली माझ्या काखेत.
द्राक्षांच्या जुन्या पायऱ्यांवर आता कमरेइतकं गवत,
कापलेल्या गवताच्या गंजी, मधोमध खांब रोवलेल्या.
त्यानं अस्वलाची विष्ठा दाखवली, आत आलुबुखारच्या बिया,
काठीनं उकरून मोजल्याही: एकोणतीस.
मेंढपाळाची कुत्री धावून आली
तेव्हा म्हणाला, हलू नकोस, डोळ्यांत बघू नकोस,
आणि ते लोखंड खाली कर.
मी केलं.
कुत्र्यांनी माझा वास घेतला,
मग किल्लीचा, जरा जास्त वेळ,
आणि जांभया देत माघारी गेली.

वर पोचल्यावर त्यानं विचारलं, तुझं गाव?
म्हटलं, आंबळे.
आंब्ले, तो म्हणाला.
नाही, ळे. जीभ मागे दुमडून.
त्यानं दुमडली, थुंकी उडाली,
पुन्हा दुमडली, हसून गवतात लोळला.
मग उताराकडे तोंड करून
ओरडत सुटला नुसतं ळ, ळ, ळ.
खाली घंटा बांधलेल्या मेंढ्यांनी मान वर केली.
तो कुठला डोंगर, कुठलं ते अक्षर.

दिवेलागणीला किल्ली परत करायला गेलो.
रेगीना घेवड्याच्या शेंगा सोलत होती.
तिनं बोटं वर केली:
दोन ताठ, तिसरं अर्धं.
मी दोनच दाखवली.
ती रागावली नाही.
शेंगांचं भांडं बाजूला ठेवलं,
रबरी बूट चढवले, बॅटरी घेतली,
आणि शेरभर अक्रोड अन् मांसाचा एक तुकडा
एवढाच ऐवज असलेल्या बुरुजाकडे
राहिलेला अर्धा फेरा फिरवायला निघाली.
मी मागोमाग.
चढावर एकदा थांबली,
बॅटरी माझ्या हातात दिली
आणि माझ्या दंडाला धरून चालू लागली.