सांभाळ कोणत्या तारखेपासून

सेंटरलिंकच्या फोनवर पस्तीस मिनिटं तीच धून वाजते,
मग एक बाई येते, होबार्टहून की कुठून,
आवाज सर्दीचा.
मिस्टर ट्रिलोर, म्हणते, पान सात, प्रश्न चार रिकामा आहे.
मूल तुमच्या सांभाळात कोणत्या तारखेपासून?

मी उगाच चष्मा शोधतो.
आतल्या खोलीत मर्विनचं ऑक्सिजनचं यंत्र
घुर्र करून थांबतं, पुन्हा घुर्र करतं.
त्याचं पान मला भरता आलं होतं:
भाऊ, वय एकोणसत्तर, फुप्फुसं खाणीने खाल्लेली,
आंघोळ घालावी लागते का, हो,
रात्री उठावं लागतं का, हो,
किती वेळा?
तिथे मी ‘पुष्कळ’ लिहिलं, तर फॉर्म परत आला.
तीन लिहिलं. तीनला पैसे मिळतात.

पण मुलीचं कसं सांगू, बाई.

मंगळवारी रात्री आणलं तिला खात्याच्या गाडीने,
कचऱ्याच्या काळ्या पिशवीत तिचे कपडे,
आणि क्वीन्सटाउनमध्ये पडतो तसा आडवा पाऊस.
नाव मार्नी. वय सात.
त्या रात्री ती बूट घालूनच झोपली.
ती तारीख लिहू?
सांभाळ नव्हता तो, नुसतं छप्पर होतं.

बुधवारी तिने उशीखाली पाव लपवला.
गुरुवारी मी तो पाहिला, आणि पाहिला नाही.
शुक्रवारी बिस्किटांचा डबाच ठेवला उशाशी,
घरात उंदीर आहेत, म्हटलं, राखण कर.
शनिवारी फुटबॉल बघायला गेलो खडीच्या मैदानावर
(आमच्याकडे गवत धरत नाही,
गंधकाच्या धुराने डोंगरसुद्धा सोलून निघालेत),
कुणाचा तरी गुडघा फुटला,
तशी तिने माझी बाही धरली.
बाही. हात नाही.
बाहीची तारीख चालेल का तुम्हाला?

पबमध्ये कीथ म्हणाला, डेस, पोरगी पाळून कमाई बरी आहे.
मी घरी येऊन पाकिटाच्या पाठीवर भागाकार केला,
पंधरवड्याचे पैसे भागिले जागे तास.
तासाला खाऱ्या दाण्यांची एक पुडीही बसेना.
पाकीट चुलीत घातलं. कीथला सांगितलं नाही.

की त्या पहाटेची लिहू,
वीज गेलेली, यंत्र गप्प,
मी अंधारात सिलिंडरची किल्ली चाचपतोय
आणि ही मर्विनच्या खाटेशी उभी,
त्याला म्हणतेय, हळू घे, हळू सोड,
माझ्याबरोबर घे, एक, दोन,
तेव्हा कोण कोणाच्या सांभाळात होतं
ते कोणत्या रकान्यात बसतं?

यातलं मी काही बोललो नाही.
मंगळवार, म्हणालो. अकरा जून.
टकटक करून तिने लिहिलं.
अर्ज उशिरा आलाय, म्हणाली,
मागचे दिवस धरायचे की नाही ते वरचे ठरवतील.
आणि फोन ठेवता ठेवता, नाक ओढून:
माझ्या आईकडेही अशी तीन होती.

पैसे आले महिन्याने.
यंत्राच्या विजेचं बिल गेलं, उधारी गेली, उरल्यात बूट.
दुकानात व्हर्नाने अंगठ्याने पुढचं टोक दाबून पाहिलं,
एक नंबर मोठा देते, म्हणाली,
पुढच्या हिवाळ्याला बरोबर बसतील.
मार्नीने माझ्याकडे पाहिलं.
मी बुटांच्या खोक्यांकडे पाहिलं.
खात्याचं पत्र सहा महिन्यांचं आहे.
मोठाच दे, म्हणालो.

घरी आल्यावर पुढे कोंबायला कागद हवा होता.
टेबलावर फॉर्मची एक जास्तीची प्रत होती.
पान सात उजव्यात गेलं,
आठ डाव्यात.
ती दारातून पायरीवर, पायरीवरून खडीवर,
फटक फटक,
आणि मी खिडकीतून ओरडलो,
अगं, सांभाळून.